विहिरीत त्याला ढकललं कुणी?

रद्दीचा भाव बारा रुपये किलो होता तेव्हा मी माझा आजा विकला. एकतीस किलो भरला. तीनशे बहात्तर रुपये हातात आले.

म्हणजे आज्याची ट्रंक विकली. पण ट्रंकेत होतं तेवढंच त्याचं स्वतःचं उरलं होतं. बाकीचं सगळं गोदीने आधीच घेतलं होतं. पाठ घेतली. डाव्या हाताचं एक बोट घेतलं. छातीत गंधकाची पूड भरून घरी पाठवलं. पीएल 480 चा अमेरिकन गहू ज्यांनी मुंबईच्या धक्क्यावर उतरवला त्यातला तो एक. हातात हूक, पाठीवर गोण. संध्याकाळी खोलीवर आला की हातपाय धुऊन बाबासाहेबांच्या फोटोखालची ट्रंक उघडायचा. ट्रंकेत काय? गीता नव्हती, ज्ञानेश्वरी नव्हती. रहस्यकथा होत्या. भुताच्या गोष्टी होत्या. कव्हर गेलेले, गोणीच्या सुतळीने शिवलेले मासिकांचे अंक होते. आणि बाबुराव अर्नाळकरांची पातळ पातळ पुस्तकं. धनंजय, झुंजार, काळापहाड.

आजा गावाकडे दुसरीतून उठलेला. अक्षरं विसरून मुंबईला आलेला. चाळीतल्या रात्रीच्या वर्गात त्याने ती पुन्हा गोळा केली, पण ती टिकली ह्या पुस्तकांमुळे. बाराखडी कुणाला पुढचं पान उलटायला लावत नाही. खून कुणी केला हे कळायला पान उलटावंच लागतं. दिवसभर गोण्या उपसलेला माणूस रात्री दिव्याखाली बोट ठेवून ठेवून वाचतो, हे काय साधं काम आहे? ज्याच्या बापाला अक्षर शिकायची बंदी होती तो माणूस धनंजयच्या मागे मागे अख्खी मराठी भाषा फिरून आला.

1956 सालच्या धर्मांतरानंतर आमच्या घरातले देव नदीत गेले. आजा तेव्हा सोळा वर्षांचा. पुढे लग्न झाल्यावर आजी त्याला टोमणा मारायची, "देव नदीत सोडलं आन् भुतं घरात आणली!"

आजा म्हणायचा, "देव खरा हाय म्हनून सांगत्यात. भूत खोटं हाय म्हनून सांगत्यात. गोष्ट लिवणारा फसवत न्हाय."

एवढी साफ गोष्ट मला अजून कुठल्या समीक्षकाच्या लेखात सापडलेली नाही.

2019 साली आजा गेला. मी एकवीसचा. नुकताच कवी झालेलो. दोन मासिकांत कविता आलेल्या, त्यामुळे जमिनीवर पाय नव्हता. एक कवीमित्र खोलीवर आला. ट्रंक उघडून बघितली आणि हसला. "हे वाचतोस तू? हे तर पानवाल्याचं वाचन!" मला लाज वाटली. खरं सांगतो, दोस्तहो, जातीची कधी वाटली नाही एवढी लाज त्या ट्रंकेची वाटली. दुसऱ्या दिवशी हातगाडी बोलावली. आलेल्या पैशांतून एका परदेशी कवीचा संग्रह घेतला. अजून अर्ध्याच्या पुढे गेलेलो नाही.

०

मागच्या वर्षी मी त्याच रद्दीवाल्याकडे परत गेलो. म्हटलं, चाचा, अशी अशी ट्रंक होती. तो हसला. "वो तो कब का पुठ्ठा बन गया होगा, बेटा." मी रोज गोदामात पुठ्ठ्याची खोकी उचलतो. ठेकेदाराकडे हजेरीवर आहे. आज्याच्या वेळची नोंदणी, बोर्ड, पेन्शन, ते सगळं आता आमच्या नशिबी नाही. उचललेल्या एखाद्या खोक्यात माझ्या आज्याचा काळापहाड असेल.

चाचाने माझं तोंड बघितलं आणि आतून एक गठ्ठा आणून टाकला. कुठल्या तरी बंद पडलेल्या वाचनालयाचा माल. "ये देखो, ऐसाच था ना?" तसाच होता. 'हंस', 'नवल', 'मोहिनी'. अनंत अंतरकरांची ही तीन मासिकं. 'हंस' 1946 सालचं. 'नवल' तर अद्‌भुत, भीती, साहस ह्यासाठीच चालवलेलं. शिवाय नावही उरलं नाही असे दोनतीन दिवाळी अंक. सगळं मिळून नऊ किलो. आता भाव वाढला होता, पण चाचाने जुनाच लावला.

महिनाभर रात्री तेच वाचलं. गोदामाच्या दिव्याखाली, पाळी बदलायच्या आधी. आणि एका रात्री ती गोष्ट हाताला लागली. कव्हर नाही, पहिलं पान अर्धं फाटलेलं, लेखकाचं नाव गेलेलं.

इनामदाराचा वाडा. परसात विहीर. अमावस्येला विहिरीतून घुंगरकाठीचा आवाज येतो. शहरात शिकलेला पुतण्या येतो. त्याचा विश्वास नाही. बॅटरी घेऊन रात्री विहिरीवर जाऊन बसतो. पाणी हलतं. काठी वाजते. वर चढल्यासारखा आवाज येतो, पण पायरीवर कुणी दिसत नाही. फक्त ओली पावलं उमटत जातात, वाड्याच्या दाराकडे. दारापाशी थांबतात. उंबरठा ओलांडत नाहीत. रोज तिथेच थांबतात.

मी घाबरलो. गोदामात एकटा होतो, घाम फुटला. चांगली लिहिली होती साल्याने. ती पावलं उंबऱ्याशी थांबतात ना, तिथे अंगावर काटाच येतो.

मग पुढे कळतं. फार वर्षांपूर्वी गावाचा तराळ, सांगावा घेऊन आलेला, "विहिरीत पडला". बस. दोन शब्द. मग काशीहून शास्त्रीबुवा येतात, विधी होतो, विहीर शुद्ध होते, आवाज थांबतो. पुतण्या देवाला नमस्कार करतो. समाप्त.

मी परत पहिल्यापासून वाचली. मोजली. गोष्टीत त्याला सतरा वेळा "तो महार" म्हटलंय. नाव एकदाही नाही. इनामदाराच्या घोडीला मात्र नाव आहे.

आणि मग माझी भीती गेली आणि डोकं फिरलं. अरे, हा पडला कसा? वाड्याच्या परसात, सवर्णांच्या विहिरीच्या काठावर हा गेलाच कसा? तहान लागली होती? पाण्याला हात लावला? मग पाय घसरला की कुणी ढकललं? ही रहस्यकथा आहे आणि हिच्यातलं खरं रहस्य लेखकाने विचारलेलंच नाही! मेलेल्या माणसाचा त्रास वाड्याला होतो, म्हणून वाड्यावर दया करायची. बुडालेल्यावर नाही. महाडला 1927 साली हजारो माणसं तळ्यावर पाणी प्यायला गेली ती कशासाठी गेली, हे त्या लेखकाच्या कानावर आलं नव्हतं काय? आलं असणार. म्हणूनच तर विहीर सुचली. अपराधी माणसालाच भूत दिसतं, दोस्तहो. ज्याने पुरलंय त्यालाच माहीत असतं कुठे उकरायचं नाही ते.

०

ह्या अंकांतून भुतं वाचत गेलो तशी एक गोष्ट डोक्यात बसली. आपल्या भुतालाही जात आहे. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला तो मुंजा. तो बामणाचाच, पिंपळावर राहतो. वेद शिकलेला मेला की ब्रह्मराक्षस. भूत होऊनही विद्वानच. खविस मुसलमानाचा, असं कोकणात सांगतात. मेल्यावर जात जाते म्हणणाऱ्यांनी हे भुतांचं गावकुसाबाहेरचं आणि आतलं बघावं. आणि ज्यांना खरोखरच जमिनीत गाडलं त्यांचं काय? पुरंदरच्या बुरुजाखाली महार जोडप्याला जिवंत पुरल्याची कथा इंग्रजांच्या गॅझेटियरमध्येही आली आहे. कथा खरी की खोटी ते बाजूला ठेवा. असली कथा सांगायला कुणाला लाज वाटली नाही, उलट पुण्यकर्म म्हणून सांगितली, हे बघा. त्या बुरुजावरून कुणाला हाका ऐकू आल्या नाहीत?

म्हणून मी म्हणतो, ही रद्दी फेकू नका. प्रस्थापितांचं 'चांगलं' साहित्य आपल्याबद्दल फारसं बोलतच नाही. सभ्यपणे गप्प बसतं. पण भुताच्या गोष्टीत माणूस बेसावध असतो. रात्री झोपेत बडबडावं तसा तो त्याच्या मनात काय आहे ते बोलून जातो. कुणाला भितो, कुणाला संशयित धरतो, चोरी झाली की पहिली नजर कुणाकडे जाते, मंत्रतंत्रवाला म्हणून कुणाला उभा करतो. पांढरपेशा समाजाचा हा जबाब आहे. सहीनिशी, तारखेनिशी, छापील. आणि तो बारा रुपये किलोने जातोय.

मात्र दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर माझा आजा मला माफ करणार नाही.

ह्या पुस्तकांना 'पानवाल्याचं वाचन' म्हणून हसणारे कोण? अर्नाळकरांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. हजारांवर! गिरणीतला, गोदीतला, हॉटेलात कपबशा धुणारा पोरगा त्या भाड्याने आणून वाचायचा. आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा किती? दाराबाहेर चपला काढतात तेवढी. का? तर अभिरुची! मी दहावी पास माणूस, पण एवढं मला कळतं की जिथे जिथे 'अभिरुची' हा शब्द येतो तिथे कुणाला तरी पंगतीतून उठवायचं चाललेलं असतं. आमचं पाणी वेगळं, आमचा पेला वेगळा, आमचं वाचनही वेगळं. साहित्यातली शिवाशीव आणखी कशाला म्हणायचं? आणि मी, त्या आज्याचा नातू, ती शिवाशीव पाळली. स्वतःच्या घरात पाळली.

आजा म्हणायचा, "धनंजय कुणाची जात इचारत न्हाय, पुरावा इचारतो." गावात ज्याला कायम जातच विचारली गेली त्याला हा केवढा मोठा आधार! माणूस कुणीही असो, पुरावा असेल तर पकडला जाईल. शेवटच्या पानावर खुनी सापडेल. माझा आजा त्या शेवटच्या पानासाठी वाचायचा.

आणि बाहेर? बाहेर शेवटचं पान दुसरंच छापलं जातं. बिहारातलं लक्ष्मणपूर बाथे, 1997: 58 माणसं मारली, 2013 साली पाटणा हायकोर्टाने सगळेच्या सगळे 26 आरोपी सोडले. खैरलांजी, 2006: एका घरातली चार माणसं, कोर्टाला खून दिसला, जात दिसली नाही, ॲट्रॉसिटीचा कायदा लागलाच नाही. खर्डा, 2014: शाळकरी पोरगा दिवसाढवळ्या मारला, साक्षीदार फिरले, 2017 साली आरोपी सुटले. रहस्यकथेत खुनी कोण हे कुणालाच माहीत नसतं आणि शेवटी सगळ्यांना कळतं. आपल्या गोष्टीत खुनी कोण हे सगळ्या गावाला पहिल्या पानापासून माहीत असतं आणि शेवटी कोर्टाला कळत नाही. ही रहस्यकथा मराठीत कुणी लिहायची? आपण नाही तर कुणी?

०

कुणी म्हणेल, आपल्याकडे ही परंपरा नाही. खोटं आहे. अण्णाभाऊ साठ्यांची 'स्मशानातलं सोनं' काढून वाचा. शाळेच्या परीक्षेसाठी नव्हे, रात्री एकटे असताना वाचा.

वारणेकाठचा पैलवानी अंगाचा भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर काम करतो. खाण बंद पडते. घरात बायको, पोर. मग त्याला कळतं की जळलेल्या मड्याच्या राखेत सोनं सापडतं. राख चाळतो. मग मढी उकरतो. रात्री कोल्ह्यांशी झुंज घेतो, एका प्रेतासाठी. आणि शेवटी मड्याच्या तोंडात सोनं शोधताना त्या मेलेल्या जबड्यात त्याची बोटं अडकतात. बोटं जातात. त्यानंतर त्याला बातमी कळते की खाण पुन्हा सुरू झाली. आणि दगड फोडणारी बोटं तर गेलेली. तो लहान पोरासारखा रडतो.

ह्या गोष्टीत एकही भूत नाही. आणि मराठीत इतकी भयंकर भयकथा मला दुसरी माहीत नाही. जबडा मड्याचा आहे, पण चावते बेकारी. दीड दिवस शाळेत गेलेल्या, वाटेगावाहून पायी मुंबईला आलेल्या माणसाने हे लिहिलं. त्यांनाही 'भडक' म्हणून हिणवणारे निघालेच. भडक! आमच्या आज्याचं बोट विंचमध्ये गेलं तेव्हा रक्त काय फिकट आलं होतं?

विज्ञानकथेचंही एक सांगतो. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा घेतली. जयंत नारळीकर तेव्हाच जगप्रसिद्ध झालेले. आपल्या नावाच्या वजनाने निकाल लागू नये म्हणून त्यांनी 'कृष्णविवर' ही गोष्ट नारायण विनायक जगताप ह्या खोट्या नावाने पाठवली. अक्षरही ओळखू नये म्हणून बायकोकडून उतरवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं. 2025 साली ते गेले तेव्हा सगळ्यांनी हा किस्सा कौतुकाने सांगितला, आणि कौतुकाचाच आहे. माणूस प्रामाणिक. पण मला लगेच बाबुराव बागूल आठवले. 'जेव्हा मी जात चोरली होती', 1963. त्यातला नायकही नोकरीच्या गावात आपली ओळख लपवतो. उघडी पडते तेव्हा बक्षीस नाही मिळत, मार मिळतो. एकाने नाव लपवलं, कारण नाव त्याला आपोआप वर नेईल. दुसऱ्याने लपवलं, कारण नाव त्याला आपोआप खाली ढकलेल. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचा. मग भौतिकशास्त्रात काळं विवर कशाला म्हणतात आणि गावात कशाला म्हणतात ते कळेल.

०

आता काळ्या भावांचं. आपल्या बापजाद्यांनी 1972 साली पँथर हे नाव तिकडून घेतलं. बाबासाहेबांनी 1946 साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस ह्यांना पत्र लिहिलं होतं, आणि त्यांचं उत्तरही आलं होतं. पण ह्याच डुबॉइसनी एक विज्ञानकथा लिहिली होती, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. आपल्या अभ्यासवर्गातल्या एका ताईने फूटपाथवरून आणलेला 'डार्क मॅटर' नावाचा जाडा इंग्रजी संग्रह माझ्या हातात दिला. डिक्शनरी मांडीवर घेऊन पंधरा रात्री घालवल्या.

गोष्टीचं नाव 'द कॉमेट'. साल 1920. न्यूयॉर्कच्या एका बँकेतला काळा निरोप्या. धोक्याचं काम म्हणून त्याला सगळ्यात खालच्या तळघरात पाठवतात. तेवढ्यात धूमकेतू येतो आणि त्याच्या विषारी वायूने शहर मरतं. हा वर येतो तर रस्त्यात मढीच मढी. सगळ्या शहरात एक हा आणि एक श्रीमंत गोरी पोरगी जिवंत. काही तास दोघं एकमेकांना नुसते माणूस म्हणून बघतात. मग तिचा बाप आणि बाकीचे गोरे येतात. सगळं जग मेलेलं नव्हतं, फक्त न्यूयॉर्क मेलेलं. आणि माणूस परत काळा होतो.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ऐंशी वर्षांनी, 2000 साली, शेरी थॉमस ह्या बाईने काळ्या लेखकांच्या अद्‌भुत आणि विज्ञानकथांचा हा संग्रह केला आणि ही गोष्ट नव्या वाचकांपुढे ठेवली. जॉर्ज स्कायलरने 1936 ते 1938 मध्ये 'पिट्सबर्ग कुरियर' ह्या काळ्यांच्या वर्तमानपत्रात टोपणनावाने हप्त्याहप्त्याने लिहिलेली 'ब्लॅक एम्पायर' पुस्तक म्हणून निघाली ती 1991 साली. म्हणजे हे लोक जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात शिरले. कुणी हसलं नाही? हसले असतील. तरी शिरले.

आणि एक गोष्ट माझ्या धंद्याची. लव्हक्राफ्ट नावाचा अमेरिकन भयकथाकार. आपल्या नारायण धारपांवर त्याची छाया होती. त्याची 'द हॉरर ॲट रेड हुक' 1927 साली 'वीअर्ड टेल्स' मासिकात आली. रेड हुक म्हणजे काय? न्यूयॉर्कातली गोदी! त्यात भीती कसली दाखवलीय? धक्क्यावरच्या वस्तीत राहणारी, देशोदेशीहून आलेली काळीसावळी माणसं, त्यांची गर्दी, त्यांची बोली, त्यांचा वास. थोडक्यात, आम्ही. भूत म्हणजे गोदीवाला! मग 2016 साली व्हिक्टर लव्हाल ह्या काळ्या लेखकाने तीच गोष्ट घेतली आणि एका काळ्या पोराच्या बाजूने पुन्हा लिहिली, 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम'. जुनी गोष्ट जाळली नाही. तिच्या आत शिरला, दिवा लावला, आणि मूळ लेखकाने ज्याच्याकडे पाठ केली होती त्याला समोर बसवलं.

हे वाचलं आणि मला माझी विहीर आठवली.

०

आपल्यातले काही साथी म्हणतील, अरे, इथे संविधान धोक्यात, ठेकेदारी गळ्याशी आलेली, आणि तू भुताच्या गोष्टी वाचतोस? पलायनवाद! मी त्यांना विचारतो, तुम्ही मोबाइलवर रात्री काय बघता? सूत्रं वाचता? 'तुंबाड' 2018 साली आला. 2024 साली पुन्हा थेटरात लावला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. आपली पोरं होती त्या गर्दीत. भीती ही माणसाची भूक आहे. ती भूक दुसऱ्याच्या हातात दिली की तो तुम्हाला त्याचंच भूत वाढणार, आणि त्याचाच मांत्रिक. धारपांची पुस्तकं नव्या कव्हरात पुन्हा निघालीत, अर्नाळकर निघालेत. निघू द्या, मी घेतो. धारपांचा समर्थ मलाही आवडतो. पण वाचता वाचता विचारतोही, की संकट आलं की दर वेळी कुणीतरी सिद्धपुरुषच का लागतो? चार माणसांनी मिळून, डोकं चालवून भूत का नाही घालवता येत? आम्ही तर देव नदीत सोडून आलेली माणसं.

आणि दुसरा धोका गोड आठवणी काढणाऱ्यांचा. 'आमच्या लहानपणी, मामाच्या वाड्यात, कंदिलाच्या उजेडात...' असं म्हणत जुने अंक काचेच्या कपाटात ठेवणारे. त्यांच्या आठवणीत वाडा आहे, कंदील आहे, विहीर आहे. विहिरीतला नाही. त्यांना जुन्या गोष्टी जशाच्या तशा परत हव्यात. आपल्याला त्यांचा पंचनामा करायचा आहे.

म्हणून काम सांगतो. फुकटचं नाही, हाताचं.

आपापल्या भागातल्या रद्दीवाल्याशी ओळख करा. चहा पाजा. वाचनालय बंद पडतंय कळलं की पोचा. जुना अंक मिळाला की आधी नाव, महिना, साल, लेखक, पान वहीत उतरवा, मग वाचा. मोबाइल आहे ना प्रत्येकाकडे? पानाचा फोटो काढा; कव्हर नसेल तर आतल्या जाहिरातीवरून साल शोधा, साबणाची आणि चहाची किंमत सगळं सांगते. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, तुम्ही काय वाचायचात, कुठून आणायचात, कोण वाचून दाखवायचं. त्यांना ते सांगायला लाज वाटेल. ती लाज आपण दिलीय, आपणच काढायची. आणि गोष्ट वाचताना तीन प्रश्न विचारा: नाव कुणाला आहे आणि कुणाला नाही? संशय पहिला कुणावर? मेला कोण आणि रडलं कोण? आपल्या मासिकाच्या संपादकांना माझं मागणं आहे की दर अंकात अशा सापडलेल्या एका गोष्टीला दोन पानं द्या. लेखकाच्या वारसांना विचारून छापा, आणि शेजारी आपल्यातल्या कुणाचा तरी जबाब छापा.

मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. विहिरीची गोष्ट पुन्हा लिहितोय. वाडा तोच, विहीर तीच, ओली पावलं तीच. ती लेखकाची कमाई आहे, मी घेतली, मान्य करून घेतली. पण माझ्या गोष्टीत त्याची बायको रोज सकाळी उठून वाड्यासमोर येऊन बसते आणि एकच प्रश्न विचारते. शास्त्रीबुवा तिला उठवू शकत नाहीत. आणि तराळाला नाव आहे. पहिल्या ओळीत आहे. ते नाव लिहिलं तेव्हा हात थरथरला, कारण ते मला शोधावं लागलं नाही. ते ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं.

कविता लिहायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता. चार महिने झाले, अजून पावलं उंबऱ्यापाशीच आहेत. आत न्यायची आहेत.

तोवर एक विनंती. तुमच्या भागातल्या कुठल्या रद्दीवाल्याकडे सुतळीने शिवलेले जुने अंक दिसले, गोणीची सुतळी, गोदीतली, डबल गाठ, तर कुणाचे म्हणून विचारू नका. उचला आणि मला कळवा. भाव काय लागेल तो देतो.

जय भीम.